सिदूनं धरलेली तारीख

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. आमच्या नाटक मंडळीचा मुक्काम सोलापुरात पडला, की बाजारात घोंगड्या विकायला आलेला सिदू धनगर दुपारी बिऱ्हाडावर हजर व्हायचा. मी तालमीत गायला लागलो, की हा गृहस्थ दाराशी उकिडवा बसून, डोळे मिटून डुलायचा. पहिल्या रांगेतल्या वकील-डॉक्टरांचे ‘वन्स मोअर’ मी पुष्कळ घेतले. पण सिदूच्या "लई ग्वाड, बुवा"वर जीव ओवाळून टाकावा!

एकच पंचाईत होती. आम्हा नाटकवाल्यांचे गुढीपाडव्याचे खेळ दिवाळीतच ठरलेले, आणि सिदू सकाळी उगवून म्हणायचा, "चला बुवा, आज बकरं कापलंय."

"अरे बाबा, आधी सांगत जा!"

"आदी कसं सांगू? परवा आमी कुटं असू, ते मेंढरांना तरी ठावं हाय का?"

फाल्गुनात त्याच्या लेकीची, मायाक्काची, सोयरीक जमली. त्यांच्यात सोयरीक झाली की लगोलग हळद लागते. पण सिदूच्या मनात एकच होतं, लेकीच्या मंगलाष्टका बुवांनी म्हणायच्या. माझा मोकळा दिवस थेट वैशाखाच्या अखेरीस निघाला.

"बरं, तवाच धरू," तो म्हणाला.

त्याचा भाऊ बिरदेव खो खो हसला. "नाटकावानी लगीन लावतुया! आता तिकिटं बी काढ की!"

ठरल्या दिवशी मी जरीकाठी लुगडं घेऊन, टांगा करून, शहराबाहेरच्या त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, पोचलो. मांडव नाही, वाजंत्री नाही. मेंढरंसुद्धा नाहीत. लिंबाखाली सिदू बसलेला आणि चुलीपुढं मायाक्का.

"वऱ्हाड कुठं आहे रे?"

"सोयरं फिरलं, बुवा. आमच्यात न्हाय म्हणायचं आसलं की लांबची तारीख देत्यात. त्यास्नी वाटलं, आमी टाळतुया. तवाच पोरगं दुसरीकडं उजवलं."

"मग मला निरोप नाही का धाडायचास?"

"तुमी येतो म्हणला हुता. मेंढरं बिरदेवानं मोहोळकडं नेली. आमी दोघं थांबलो. जेवून जावा."

मायाक्कानं ताट वाढलं. भाकरी, कालवण आणि लग्नासाठी राखलेल्या गुळाची लापशी. "मंगलाष्टका ऱ्हाऊ द्या, बुवा," ती म्हणाली, "दुसरं कायबी म्हणा की. आबा लई दिस वाट बघत्यात."

तुडुंब थेटरात कधी न बसलेला माझा आवाज त्या लिंबाखाली फुटेना. कसंबसं एक पद म्हटलं. सिदूनं डोळे मिटले, मान मात्र हलली नाही.

पुढच्या वर्षी मायाक्काचं लग्न झालं. सकाळी ठरलं आणि तिन्हीसांजेला अक्षता पडल्या. आम्ही तेव्हा हुबळीला होतो. सोलापुरात परतलो तेव्हा सिदूनं हातावर गूळ ठेवला.

"बोलवायचं लई मनात हुतं, बुवा," तो म्हणाला, "पर तारीख धरायचा धीर पुन्ना झाला न्हाय."