मामेसासऱ्यांनी गाडी मोडीत काढली

वस्तू विकत घेणारी माणसं पुष्कळ असतात, पण घेतलेली वस्तू निरुपयोगी झाल्यावर तिला तिच्या मुक्कामापर्यंत सोडायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझे मामेसासरे, माझ्या बायकोचे सख्खे मामा. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभी हयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बदलापुरात खरवईला घर घेतलं. त्यांच्या घरातून कचऱ्यात जाणारं जुनं ब्लेडसुद्धा पुठ्ठ्यात बांधलेलं असतं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, ‘आत ब्लेड आहे, हात सांभाळा.’ मुदत संपलेलं खोकल्याचं औषध ते दुकानदाराकडे परत नेऊन त्याचं काय करणार ते विचारत बसतात, त्यामुळे हल्ली मामा दिसले की दुकानदार फोन कानाला लावतो. एकदा गेलेली ट्यूबलाइट नगरपालिकेच्या केंद्रात द्यायला ते शेअर रिक्षातून निघाले. शेजारच्या अनोळखी माणसाला तिचं दुसरं टोक स्टेशनपर्यंत धरून बसावं लागलं. उतरताना मामांनी त्याचे आभार मानले आणि त्याच्या घरी अशी एखादी पडून आहे का, तेही विचारून घेतलं.

तर अशा माणसाची मोटारसायकल म्हातारी झाली. कारखान्यात असताना घेतलेली ती गाडी त्यांनी पंचवीसेक वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. पण तिच्या चेसीला, म्हणजे सांगाड्यालाच, तडा गेला, दोनदा वेल्डिंग झालं आणि तिसऱ्यांदा मेकॅनिकने हात जोडले. मामींचं म्हणणं सरळ होतं, दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाका. मामांना ते पटेना. नंबर आपल्या नावावर, आणि गाडी कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा काय? मग ते मला घेऊन उल्हासनगरला एका स्पेअरपार्टवाल्या सिंधी शेटकडे गेले. शेट पूर्ण गाडी उचलायला तयार होता. मामांनी त्याला इंजिनातलं ऑइल कुठे ओतणार, बॅटरी कोण नेणार, चेसी नंबरचं काय करणार, असे इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने आम्हाला चहा पाजला आणि फार प्रेमाने म्हणाला, “बाबा, आप गाडी घर में ही रखो.”

खरी पंचाईत दूधवाल्यामुळे झाली. बदलापूर गावातून आमच्या मामांकडे रोज दूध घालणारा हा चाळिशीचा गडी; त्याची स्वतःची गाडी बंद पडली होती आणि तो सायकलवरून कॅन ओढत होता. एके सकाळी तो मामांना म्हणाला, “मामा, ती गाडी मना द्या ना. गावातल्या गावातच चालवीन.”

मामींना एकदम पाझर फुटला. मलाही वाटलं, द्यावी. मामा त्याला खाली घेऊन गेले, गाडी आडवी करायला लावली आणि टॉर्चच्या उजेडात तो तडा दाखवला. दूधवाला म्हणाला, चालेल एवढं.

“मला माहीत आहे म्हणून मी तीस-चाळीसच्या वर कधी गेलो नाही,” मामा म्हणाले. “तू कॅन भरून उतारावरून येणार. उद्या काही झालं तर तुझ्या घरी येऊन मी काय सांगू? माहीत होतं, तरी दिली?”

त्याला राग आला. नंतर आठवडाभर तो दूध दारात ठेवून न बोलता जायचा आणि मामा इकडे जेवणावरून लवकर उठायचे. “नाही म्हणायला काय जातं, असं वाटत असेल त्याला,” एवढंच एकदा माझ्याकडे बोलले.

अखेर मामांनी सरकारमान्य भंगार केंद्र शोधलं, आरटीओचे कागद पुरे केले, ऑइल कॅनमध्ये काढलं, बॅटरी वेगळी बांधली आणि टेम्पो बोलावला. निघण्याआधी त्यांनी गाडी धुतली. मोडायला नेताय ना, असं मी म्हणालो, तर म्हणाले की म्हणून काय अशीच न्यायची? ती टेम्पोत चढवायला आम्ही दोघे धडपडत होतो, तेवढ्यात दूधवाला सायकल भिंतीला लावून आला. मागच्या चाकाला हात घालून त्याने एका दमात गाडी वर चढवली. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तसाच राहू दिला.

केंद्रात चेसीचा नंबर कापून काढेपर्यंत मामा उभे होते. गाडी मोडीत काढल्याचा दाखला हातात आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

आता संध्याकाळी मामा-मामी बाजारात चालत जातात. मामांची चाल मुळात भरभर. मामींसाठी ती मुद्दाम हळू केलेली लांबूनही कळते. परवा मामी माझ्या बायकोला सांगत होत्या, “इतकी वर्षं मी गाडीवर मागे बसून बोलायचे. वाटायचं, हे ऐकतच नाहीत. आता चालताना कळतं, हे प्रत्येक गोष्टीला उत्तर देतात. तेव्हाही देत असतील गं, मलाच ऐकू येत नव्हतं.”