दाखवण्यापुरती पेटी

विलीनीकरणानंतर उस्मानाबादच्या कचेरीतून उर्दू गेली आणि मराठी आली. साहेबांचा राग तेवढा दोन्ही भाषांत सारखाच राहिला. तो दिवसभर ऐकल्यावर कानांना काही बरं मिळावं म्हणून मी संध्याकाळी पेटी शिकवायचो. निव्वळ हौस. मुलींना पेटी शिकवणारा गावात मी एकटाच, त्यामुळे मी उत्तम शिकवतो असा सगळ्यांचा समज होता.

पण शिकायचं असं कुणालाच नव्हतं. यायचे ते बाप. "मास्तर, पोरीला एक गत बसवून द्या. दाखवण्यापुरती." त्या काळी मुलगी बघायला आलेली मंडळी फराळ उरकला की "पेटी येते का?" विचारायची, आणि मुलीनं मान खाली घालून एक तुकडा वाजवायचा. लग्नानंतर पेटीचं नाव कुणी काढत नसे. म्हणून मी भूप रागातली एक छोटी गत काढून ठेवली होती आणि देवीची लस टोचावी तशी सगळ्यांना तीच टोचत होतो. आमच्या सौभाग्यवती दाराआड ज्वारी निवडत बसायच्या. त्यांना बिचाऱ्यांना ती गत झोपेतही ऐकू यायची.

शिकणाऱ्या कुणाच्याच घरी पेटी नव्हती, माझी एकच. ज्या घरी कार्यक्रम, त्या घरी ती जायची आणि तिच्याबरोबर मी.

अडत दुकानवाल्यांची मुलगी मात्र वेगळी निघाली. गत चटकन उरकून म्हणाली, "मास्तर, उरुसात कव्वाली ऐकली. तिचे सूर दाखवा की." वडिलांनी तिच्यासमोरच बजावलं होतं : एकच गत, आणि लग्न जमलं की शिकवणी बंद. मी कव्वाली शिकवली, मग आणखी बरंच काही. तिला दुसरं काही नको होतं, फक्त ही शिकवणी चालू राहायला हवी होती. आणि आपण खरोखर कुणाला तरी शिकवतोय, असं मलाही पहिल्यांदाच वाटलं.

अशात जळकोटकडच्या एका ओव्हरसिअरची मंडळी त्याला घेऊन त्याच्यासाठी मुली बघायला आली. एका खेपेत तीन घरं उरकायची होती. तिन्ही घरच्या मुली माझ्याच हाताखालच्या. तिन्ही बापांनी पेटी मागितली आणि भिडेखातर मी तिघांनाही हो म्हटलं. पाहुणे पेठेच्या रस्त्यानं निघाले की मी हमालाच्या डोक्यावर पेटी देऊन बोळातून धावत सुटायचो.

पहिल्या घरी मुलाच्या आत्याबाई खूश झाल्या. दुसऱ्या घरी तीच गत सुरू झाली, तेव्हा त्यांचा विडा गालातच थांबला. तिसरं घर अडतवाल्यांचं. पेटीवरचा रुमाल काढला, तशी टवका उडालेली पांढरी पट्टी बघून आत्याबाई म्हणाल्या, "आवं, ही पेटी आमच्या आदी कशी पोचती सगळीकडं?" मी घाम पुसत छताकडं बघत होतो.

मुलीनं गत वाजवली. आत्याबाई म्हणाल्या, "ही झाली आमाला पाठ. दुसरं काय येतं का गं?"

याचं बरोबर उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. "एवढंच येतं" म्हणून लाजायचं, की जमलंच लग्न. वडील डोळ्यांनी तेच सांगत होते. मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग भाता ओढला आणि कव्वाली धरली. पदर खांद्यावर आला, मान वर झाली. ओव्हरसिअर मांडीवर ठेका धरू लागला, तर आत्याबाईंनी त्याचा हात दाबून ठेवला. कव्वालीनंतर दुसरं, त्यानंतर तिसरं. ती थांबेचना. चहा गार झाला.

नकार आत्याबाईंनी उंबऱ्यातच दिला. "पोरगी झ्याक वाजवती. पन आमाला पेटी येती म्हणून सांगण्यापुरती पायजे. ही तर वाजवतच बसंल."

दुसऱ्या दिवशी अडतवाले माझ्या दारात उभे. "एकच गत सांगितली व्हती न्हवं? एवढं शिकवायला कुणी सांगितलं तुमाला?" आवाज लिलाव पुकारायचा, त्यामुळे आळीही गोळा झाली. बोलणी खायची मला कचेरीतली सवय होती, त्याचं काही वाटलं नाही. पण आता ती पोर परत येणार नाही, तेवढं मात्र लागलं.

बोलून बोलून ते दमले, ओट्यावर टेकले, पाणी प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, ते शेवटी काय वाजवलं तिनं?"

मी रागाचं नाव सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

"सकाळी म्या तिला म्हणलं, परत एकदा वाजव. तर म्हणती, कशावर वाजवू?" त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. "लगीन जमंल तवा जमंल. सोलापुरात चांगली पेटी कुठं मिळती, तेवढं सांगा."