दार वाजवून आत जाणाऱ्या ताई

इनक्युबेटर उघडण्याआधी ताई त्याच्या दारावर दोनदा टकटक करायच्या. आत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढत ठेवलेल्या असत, अंगाच्या उबेत. पहिल्या दिवशी मला हसू आलं, तेव्हा म्हणाल्या, "कोणाच्या तरी घरात जातोय आपण. विचारून जावं."

सुरतेतल्या त्या प्रयोगशाळेत मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते. ताई शहरातल्याच उधन्याच्या, वडील धुळ्याहून येऊन तिथे लूमवर लागलेले. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे त्या मोठ्यानं बोलत. सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या की मात्र आवाज एकदम खाली येई, जणू आतलं कोणी ऐकेल.

त्या पेशींत आम्ही मांजराच्या आतड्यात वाढणारा एक परजीवी सोडायचो. "हा मारायची घाई करत नाही," ताई सांगत. "पेशीच्या केंद्रकातून आरएनएच्या चिठ्ठ्या निघतात. कोणती वाचायची, कोणती फाडायची, हे त्यांना चिकटणारी प्रथिनं ठरवतात. हा शिरला की ती प्रथिनंच जागा सोडतात, भलत्या चिठ्ठ्या धरून बसतात. पेशी जिवंत असते गं. फक्त स्वतःचं ऐकत नाही." स्लाइडवर ती प्रथिनं हिरवी चमकत. लागण झालेल्या पेशीत तो हिरवा रंग केंद्रक सोडून त्या आगंतुक पाहुण्याभोवती गोळा झालेला दिसे.

परजीवी बाहेर काढायला पेशी बारीक सुईतून दाबून फोडाव्या लागत. एका दुपारी ती सुई निसटून ताईंच्या अंगठ्यात गेली. गोळ्या सुरू झाल्या. ताप आला, उतरला. पण हा पाहुणा पुरता जात नाही, मेंदूत, स्नायूंत कोष करून पडून राहतो, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. कामावर परतल्या त्या दिवशी ताईंनी माझं मनगट धरलं. घाबरल्या की त्या घरच्या अहिराणीत बोलत. "मी तीच शे ना?" मग सावरून म्हणाल्या, "काही बदललेलं दिसलं तर लपवू नकोस." मी कबूल केलं.

ताईंना आधीपासून रस्ता ओलांडायची भारी भीती. लहानपणी एक मैत्रीण डोळ्यांदेखत टेम्पोखाली गेली होती. हजीऱ्याच्या बंदराकडे जाणारे ट्रक आमच्या फाटकावरून जात, तेव्हा त्या माझा हात घट्ट धरत. त्या लागणीनंतर, दिवाळी होऊन गेल्यावर एकदा, बोलता बोलता त्या सरळ रस्त्यात उतरल्या. ट्रक करकचून थांबला. "बेन, मरवुं छे?" ड्रायव्हर ओरडला. ताईंनी मान वळवली नाही; तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे बोलत राहिल्या.

हा परजीवी शिरला की उंदरांना मांजराची भीती उरत नाही. माणसाचं तसं सिद्ध झालेलं नाही. मी स्वतःला तेवढंच बजावत राहिले आणि चार महिने गप्प बसले.

शेवटी त्यांनीच खोदून विचारलं, तेव्हा ट्रकचं सांगितलं.

"इतके दिवस का बोलली नाहीस?"

"तुम्ही आनंदात होतात, ताई. इतकं मोकळं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं."

त्यांनी सुई लागलेला अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. मग म्हणाल्या, "आनंदात मी होते, की तो?"

महिन्याभरात नोकरी सोडून त्या शहराबाहेर कामरेजला बहिणीकडे गेल्या. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतात. रविवारी फोन करतात, वर्गातल्या गमती सांगतात. सांगून झालं की थांबतात, तो जुना प्रश्न पुन्हा न विचारता.

"तुम्ही तुम्हीच आहात, ताई," मी म्हणते. मग त्या फोन ठेवतात.