ओबेलिनला कुणी फसवू शकत नाही

१४ मार्च १९८५, गुरुवार. बर्फ थांबला. काकवीची बिस्किटं केली. संध्याकाळी मी-कारेमची सोंगं येऊन गेली. ओबेलिन आली होती.

ओबेलिन शेजारची. तिचा नवरा प्लासिद जाऊन दीड वर्ष झालं, पण संध्याकाळची ती घराबाहेर पडत नसे. आज बोलावलं तर म्हणाली, "परत कधी जायचं?"

"मन होईल तेव्हा. घरी कोण बसलंय वाट बघत?"

ती आली, पण खुर्ची दाराजवळचीच घेतली. आजची संध्याकाळ ती चार माणसांत निभावते का, एवढंच मी बघत होते.

मी-कारेम म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा मध्य; त्या दिवशी आमच्याकडे माणसं मुखवटे घालून, चाल बदलून घरोघर येतात. ती कोण ते घरच्यांनी ओळखायचं. ओबेलिन दार उघडण्याआधीच, नुसत्या पावलांवरून सांगत होती.

"ही जोसेत. मागे तिचा दीर, गुडघा दुखतोय आज त्याचा."

"काकू, चेटकीण आहात तुम्ही," मुखवटा काढत जोसेत म्हणाली. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. सत्तावीस वर्षं ती प्लासिदची पावलं ऐकत बसायची. पायरीवर बूट कसा वाजला, त्यावरून मार पडणार की नाही हे तिला कळायचं. बटाटे सोलता सोलता तिनंच एकदा मला सांगितलं होतं.

पुन्हा पावलं वाजली. "लेओ," ती म्हणाली. पलीकडच्या गावचा दुकानदार. आत आला तो प्लासिदचा तपकिरी कोट घालून. चर्चच्या जुन्या कपड्यांतून उचललेला. कुणाचा, ते त्याला काय माहीत.

ओबेलिननं कप खाली ठेवला. गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"जेवण गरम आहे," ती हळूच म्हणाली. "मी कुठेच गेले नव्हते."

लेओनं मुखवटा ओढून काढला. "अहो काकू, मी आहे. लेओ."

"माहीत आहे रे. मीच नाही का नाव सांगितलं?" ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग उठून शाल घेतली. मी सोबत निघाले, तर नको म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागेपर्यंत मी खिडकीशी उभी होते.

सहा कप विसळले. ओबेलिनचा भरलेलाच होता.