आर्डिथबाईंची जागा

नवरा गेला त्याच वर्षी आर्डिथबाईंनी नॉर्थ डकोटातलं घर विकलं आणि त्या पैशांत बसएवढी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. मुलगा म्हणाला, "आई, वेड लागलंय का तुला? चाकांवर कुणी म्हातारपण काढतं?" आपल्या घराच्या तळघरातली खोली त्यानं आईसाठी रंगवून ठेवली होती. बाई म्हणाल्या, "तळघरात बटाटे ठेवतात रे, आई नाही."

शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली ती बाई एकटीनं गाडी हाकत ऍरिझोनाच्या वाळवंटापर्यंत आली. युमाजवळ घरगाड्यांना भाड्यानं जागा देणाऱ्या एका पार्कात, डोंगराकडे तोंड करून, तिनं गाडी उभी केली आणि नळाची नळी, विजेची वायर जोडली. ती पुन्हा काढायची वेळच आली नाही. फिरायला घेतलेली गाडी एका जागी रुतली, पण बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सकाळी दार उघडलं की डोंगर असायचा आणि शेजारी नोरीन असायची.

पार्कातली बाकीची मंडळी थंडीपुरती. ऑक्टोबरात उत्तरेकडून येत, एप्रिलात परत जात. पत्र्यावर अंडं भाजेल अशा उन्हाळ्यात आर्डिथबाई एकट्या मागे उरत आणि पहाटे उठून साऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालत. नोरीनचं लिंबाचं झाड त्यांनीच जगवलं होतं.

जीभ मात्र तिखट. पार्कानं दहा वर्षांचा नियम आणला, म्हणजे त्याहून जुनी गाडी ठेवायची नाही, समितीनं पाहून सूट दिली तरच राहायचं, तेव्हा सभेत पहिला हात वर गेला तो बाईंचा. लेस्टर नावाच्या म्हाताऱ्याची गंजकी गाडी त्यांच्या डोळ्यांत खुपत असे. "लेस्टर, तुझ्या गाडीत कोंबडीसुद्धा अंडं घालायची नाही!" त्या म्हणाल्या आणि सभा पोट धरून हसली. लेस्टर गेला. बाईंची गाडी तेव्हा नवीकोरी होती. आपलीही गाडी म्हातारी होणार, हे नव्या गाडीच्या मालकाला कुठून सुचायला?

ती झाली. नोव्हेंबरात समिती पाहायला येणार असं ठरलं. पंचाहत्तरीच्या बाई शिडी लावून छपरावर चढल्या, ते धुतलं, गाडीच्या अंगाला मेण घासलं, उन्हानं सोलपटलेल्या निळ्या पट्ट्या ब्रशनं रंगवल्या. खाली बादली धरून नोरीन उभी होती.

"अगं, नवरीसारखी दिसायला लागली की!"

"हिला आता बिजवर मिळाला तरी पुष्कळ."

नोरीन खिदळली. "काळजी करू नकोस. समितीत मी आहे ना!"

समिती तिघांची. पार्कचा मॅनेजर प्रूइट, डेल नावाचा निवृत्त पोलीस, आणि नोरीन. प्रूइटनं टायरच्या भेगांत नख घातलं, मग पट्टीवरून बोट फिरवलं.

"हातानं रंगवलीय का, बाई?"

"मग काय पायानं रंगवू?"

डेल हसला. नोरीन हसली नाही. एरवी बाईंच्या अशा बोलण्याला तीच सगळ्यांच्या आधी हसत असे. आर्डिथबाईंना तिथंच कळलं.

डेल जरा घुटमळला. "पण उन्हाळ्यात झाडांना पाणी कोण घालणार?"

"यंदा ठिबकच्या नळ्या टाकतोय," प्रूइट म्हणाला.

"हां, मग हरकत नाही."

सूट नाकारायला तीन हात वर गेले. नोरीनचा थोडा उशिरा गेला, पण गेला.

"अगं, एकाला सूट दिली की सगळे मागतात," ती म्हणाली. "तूच तर म्हणायचीस."

"तुझी बहीण आयडाहोहून येतेय ना? जागा शोधतेय म्हणत होतीस."

नोरीननं खोटं बोलण्याचे कष्ट घेतले नाहीत. "तिची गाडी नवी आहे गं," ती म्हणाली.

निघायच्या सकाळी सगळा पार्क मदतीला लोटला. मोठी गाडी मागे घेताना कुणीतरी मागं उभं राहून हात दाखवायचा, हा तिथल्या लोकांचा धर्मच. एकानं नळी गुंडाळून दिली, एकानं चाकांखालचे ठोकळे काढले, डेलनं झाडाची फांदी वर धरली. बाई आजारी पडल्या होत्या तेव्हा यांतलं कुणी सूप घेऊन आलं नव्हतं. आरशात नोरीन दोन्ही हात हलवत होती. "ये, ये! अजून ये! छान जमतंय!"

गाडी पार्कातल्या रस्त्यानं फाटकाशी आली. प्रूइटनं फाटकाचं कार्ड परत घेतलं आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या. नोरीन धापा टाकत खिडकीशी आली.

"गुरुवारी पत्त्यांना येशील ना? चौथा भिडू कुठून आणू मी?"

"बहिणीला बसव."

"तिला कुठं येतंय खेळायला! तू शिकव ना तिला, एकदोन वेळा येऊन. पाहुणी म्हणून आत सोडतात गं."

आर्डिथबाईंनी काच वर केली.

आरशात त्यांना रिकामी जागा दिसली. नोरीन तिथं परत गेली होती आणि पावलं टाकत लांबी मोजत होती. मध्ये थांबून तिनं बाईंच्या पायरीजवळची फरशी टाचेनं दाबून पाहिली. घट्ट होती. ती खूश दिसली.

मुलाकडे जायचा रस्ता फाटकातून डावीकडे होता. महिनाभर तो फोनवर एकच सांगत होता, खोली तयार आहे. आर्डिथबाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून फाटकातच थांबल्या. मागच्या गाडीनं भोंगा दिला, तशा त्या उजवीकडे वळल्या, कुणीही गाडी लावावी अशा सरकारी माळाकडे. तिथं नळ नाही, वीज नाही, आणि दोन आठवड्यांच्या वर कुणाला थांबू देत नाहीत.