सिद्रामप्पांची हरकत

उदगीरला स्टेशनच्या वाटेवर सिद्रामप्पांचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं ते मळणीयंत्रं बनवतात. शिक्षण सातवीपर्यंत, पण पत्र्याला बोट लावून जाडी सांगतात. मळणीयंत्र कसं असावं हे ठरवणाऱ्या मानकाचा नवा मसुदा करायला अकरा जणांचा कार्यगट नेमला गेला, तेव्हा छोट्या कारागिरांच्या वतीनं त्यांना घेतलं. मी त्या गटाची सचिव.

आमचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं. मसुदा सगळ्यांना पाठवायचा. ज्याला जे खटकेल ते त्यानं कलमाचा नंबर घालून, कारणासकट लिहून द्यायचं. बैठकीत एकेक सूचना वाचायची, मान्य की अमान्य आणि का, ते नोंदवायचं. नुसत्या बहुमतानं कुणाला गप्प बसवायचं नाही. ठाम हरकत उरली तर पुन्हा बसायचं.

एका वाक्यावर आमच्या चार बैठका झाल्या. ते सिद्रामप्पांनीच अडवलं होतं. पेंढी आत सारायच्या लोखंडी तोंडावर पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, बोगद्यासारखं झाकण हवं, म्हणजे हात आतल्या फिरणाऱ्या दात्यांपर्यंत पोचणार नाही, असं मसुद्यात होतं. त्यांचं म्हणणं, तीस पुरे.

"मॅडम, झाकण लांबलं की घास घालाय उशीर लागतंय. गिऱ्हाईक म्हणतंय मशीन सुस्त हाय. ह्या सायबांनी कधी सोयाबीन घालून बघितलंय का?"

खरं सांगते, मला ते पटत चाललं होतं.

पाचवी बैठक लातूरला झाली. यंत्रावर राबणाऱ्यांचंही ऐकावं म्हणून नायगाव तालुक्यातल्या शेतमजूर कस्तुराबाईंना बोलावलं. त्यांचा उजवा हात कोपराखाली नव्हता. तो कुणाच्या यंत्रात गेला, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पेंढी अडकली," त्या म्हणाल्या. "मी ढकलाय गेले. पुढचं कायबी आठवत न्हाई."

गटातल्या एका प्राध्यापकांनी सहज विचारलं, "यंत्र कुणी बनवलेलं होतं?"

"मला वाचता येत न्हाई, सायब. हिरवी मशीन होती. पत्र्यावर नंदी काढलेला."

माझं पेन थांबलं. हिरवा रंग आणि नंदी, हा छाप सिद्रामप्पांचा.

ते इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली. "कव्हा झालं हे?"

"तीन वर्सं झाली. सोयाबीनच्या सुगीत."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमाला कशाला सांगतील?"

"ती मशीन मी केलेली हाय, बाई."

कस्तुराबाई त्यांच्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मग झाकण का न्हाई लावलं?"

सिद्रामप्पा व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले. खिशातली टेप काढून ते स्वतःचा हात मोजत होते, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत.

"पंचेचाळीस भरतंय, मॅडम. आन् मी तीस लिहून दिलं."

आत येऊन त्यांनी हरकत मागे घेतली. नोंदवहीसाठी कारण लागतं. त्यांनी स्वतः लिहिलं: 'माझ्या यंत्रात एका बाईचा हात गेला. मी मोजून बघितलं नव्हतं.' एका कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, नुसतं 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहूया. सिद्रामप्पांनी कागदावर तळहात ठेवला. "एक अक्षरबी बदलायचं न्हाई."

पुढे मसुदा दोन महिने लोकांच्या सूचनांसाठी खुला राहिला. तेवढ्या काळात सिद्रामप्पा गावोगाव फिरून आपल्या जुन्या, बिनझाकणाच्या यंत्रांना बोल्टनं झाकणं बसवत होते. एक दिवस बिलोलीकडून त्यांचा फोन आला.

"मॅडम, परवा बसवलेलं झाकण मालकानं काढून टाकलंय. काम हळू व्हतंय म्हणं. तीन बाया तशाच पेंढ्या सारून राहिल्यात!"

त्यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि झाकण वेल्डिंगनं पक्कं करूनच ते तिथून हलले. दुसऱ्या दिवशी त्यांची लेखी सूचना आली: झाकण काढता येणार नाही असं जोडलेलं असावं. ती वाचून झाल्यावर कार्यगटात कुणीच हरकत घेतली नाही. वरच्या समितीनं त्या वाक्यासह मानक मंजूर केलं.

छापील प्रत मी उदगीरला नेऊन दिली. सिद्रामप्पांनी कलम शोधून दोनदा वाचलं आणि दुसरी प्रत मागितली, नायगावला कस्तुराबाईंना वाचून दाखवायला.