मागच्या गल्लीत न पोचलेलं यंत्र

जगदाळे गेल्याची बातमी मला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. त्यांचा फोटो, त्याखाली गुलाबाचं फूल, त्याखाली ‘अत्यंत दुखद’. बारा मिनिटांनी त्याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘पिछली गली में फिर आग लगी है, कमेटी ध्यान दे.’ त्यानंतर जोडलेल्या हातांची जी रांग लागली, ती कोणत्या संदेशासाठी होती ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. कमेटीचा सचिव मीच, त्यामुळे ध्यान मीच द्यायचं होतं. मी घराची खिडकी लावून घेतली, चपला घातल्या आणि जगदाळ्यांकडे गेलो. त्यांच्या पत्नी, मालनवहिनी, खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि हातात दम्याचा पंप होता. नवरा गेल्यावर रडायला तरी माणसाला श्वास पुरावा... त्या सकाळी वहिनींना तोही पुरत नव्हता.

जयपुरात झालान्याजवळच्या आमच्या कॉलनीत मराठी घरं दोनच. जगदाळे साताऱ्याचे, सैन्याच्या इंजिनिअर्स दलातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले, शेवटची नेमणूक जयपूरची म्हणून इथेच राहिलेले. मी नागपूरचा, तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेला. मुलं दोन्हीकडची मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात, तेव्हा मराठीत भांडायला आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. मी त्यांना सुभेदार म्हणायचो, ते मला प्रोफेसर. मी प्रोफेसर कधीच नव्हतो, पण त्यांच्या मते खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाची तीच रँक.

घरांच्या मागे एक अरुंद गल्ली आहे आणि तिथे कडुलिंब, शिरीष, अरडू यांची जुनी झाडं. थंडीच्या तोंडाशी त्यांची छाटणी होते, फांद्यांचा ढीग पडतो आणि न्यायला कुणी येत नाही म्हणून तिथेच पेटवला जातो. जगदाळ्यांची झोपायची खोली नेमकी त्या बाजूला. वहिनींचा हिवाळा म्हणजे बंद खिडकी आणि पंप. त्यांना एक हिवाळा उघड्या खिडकीचा मिळावा, एवढीच सुभेदारांची मोहीम होती. इतर लोक माळ्याला शिव्या द्यायचे. यांनी माळ्याला, रामधनला, चहा दिला आणि विचारलं, जाळू नकोस म्हटलं तर या फांद्यांचं तू करणार काय? मग उत्तर त्यांनी स्वतःच शोधायला घेतलं. फांद्या गिळून त्यांचा भुगा बाहेर फेकणारं यंत्र असतं, त्याला चिपर म्हणतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. रामधनने त्याचं नाव ठेवलं ‘पेड़ की कुट्टी’, आणि ते जास्त बरोबर होतं.

एक संपूर्ण छाटणीभर ते टेप घेऊन गल्लीत उभे राहिले आणि पडलेली प्रत्येक फांदी मोजली. बहुतेक सगळ्या मनगटाएवढ्या, थोड्या दंडाएवढ्या. त्याहून जाड ओंडके लाकडाचा वखारवाला आपणहून नेतो. मग त्यांनी गल्ली मोजली, वळण मोजलं, वीजमीटरच्या पेट्या किती बाहेर आल्यात तेही मोजलं. निष्कर्ष सरळ होता : स्वतःचं इंजिन असलेलं, दोन माणसांनी ढकलत नेता येईल असं छोटं यंत्र. “लाकूड यंत्राकडं न्यायचं म्हटलं की काम बंद पडतंय, प्रोफेसर,” ते म्हणाले. “यंत्र लाकडाकडं गेलं पायजे.”

सांगानेरला एका विक्रेत्याच्या आवारात आम्ही यंत्रं बघायला गेलो. निघताना सुभेदारांनी रिक्षात ओल्या कडुलिंबाचा पाला, दुबेळक्या फांद्या आणि विलायती बाभळीचे काटेरी फाटे भरले. रिक्षावाला आणि मी दोघंही अंग चोरून बसलो होतो. तिथल्या माणसाने सरळसोट, वाळक्या निलगिरीच्या काठ्या एकामागून एक यंत्रात सोडल्या आणि जादूगारासारखे हात झटकले. सुभेदार म्हणाले, “भैया, ये तो इसने रटा हुआ है. अब हमारा पेपर दो.” ओला पाला गेल्याबरोबर पहिल्या यंत्राचं नळकांडं तुंबलं. दुसऱ्याच्या तोंडात बेळकं अडकलं. तिसरं छोटं यंत्र कुरकुरलं, पण सगळं खाल्लं. सुभेदारांनी भुगा मुठीत घेऊन बघितला. तुकडे स्वच्छ कापलेले होते. पाती बोथट असली की दोरे निघतात, म्हणाले. परतताना आनंदात होते. माझ्या सदऱ्यात काटे होते.

मग कमेटीची बैठक झाली. अध्यक्षांनी त्याच विक्रेत्याकडचं सगळ्यात मोठं, ट्रॅक्टरवर चालणारं केशरी यंत्र पसंत केलं होतं. सुभेदारांनी फांद्यांचे आकडे वाचले, गल्लीचा नकाशा दाखवला. अध्यक्षांनी तो उलटा धरून बघितला आणि म्हणाले, “जगदाळेजी, कॉलनी की शान का सवाल है. इतनी-सी मशीन का उद्घाटन करने कौन आएगा?”

“साहब, उद्घाटन नहीं करना, डालियाँ काटनी हैं.”

लोक हसले. मीसुद्धा हसलो... आणि मतदानाला मोठ्या यंत्रासाठी हात वर केला. अध्यक्षांशी वाद घालायचा कंटाळा आला होता, इतकं साधं कारण होतं. बाहेर आल्यावर मी विनोदही केला की रणगाडा आला तर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. सुभेदार हसले नाहीत. “वळणावर अडकंल,” एवढंच म्हणाले.

उद्घाटनाला एक माननीय आले. यंत्रावर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, मौलीचा लाल धागा गुंडाळला आणि झेंडूचा भलाथोरला हार घातला. पहिली फांदी माननीयांच्या हातून जायची म्हणून तिलाही हार बांधला. सुभेदार माझ्या कानाशी आले. “हार नायलॉनच्या दोरीत ओवलाय. आत गेला तर रोलरला गुंडाळंल. काढायला सांगा.” मी म्हटलं, “आज नको हो, सुभेदार.” फांदी आत गेली, टाळ्या झाल्या, झेंडूच्या पाकळ्यांचा फवारा उडाला, छायाचित्रकाराने समाधानाने मान हलवली आणि यंत्र धक्का देऊन बंद पडलं. माननीय गेल्यावर जेवणाचे डबे उघडले गेले. सुभेदार यंत्र बंद असल्याची दोनदा खात्री करून, तोंडाशी गुडघे टेकून, चिमट्याने नायलॉनचे वेढे सोडवत बसले.

यंत्र वळणावर अडकलं नाही, कारण ते वळणापर्यंत गेलंच नाही. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशीच थांबला. फांद्या तिथपर्यंत ओढून न्यायच्या कुणी, यावर दोन बैठका झाल्या. तोवर सुभेदार आणि रामधन त्या ओढू लागले. एकाहत्तराव्या वर्षी, रविवारी सकाळी, ट्रॅक्टरवाल्याला सवड असेल तेव्हा. मी गच्चीतून म्हणायचो, “सोडा हो, तुमचं काम आहे का ते?” ते वर बघून म्हणायचे, “मग कुणाचं, ते सांगा. त्याला बोलवतो.” पुढे ट्रॅक्टरवाला येईनासा झाला, यंत्रावर ताडपत्री चढली आणि यंदा गल्लीत पुन्हा धूर झाला. त्यांचं हृदय बंद पडलं ते झोपेत. धुराचा त्याच्याशी संबंध नाही, डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

गेल्या आठवड्यात शोकसभा झाली. यंत्राला ‘सूबेदार जगदाले स्मृति’ अशी पितळी पाटी लावावी, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. मी पहिल्यांदाच उभा राहिलो. म्हटलं, पाटी नको, ते छोटं यंत्र आणा, निदान भाड्याने. अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले की हा विषय आजच्या सूचीत नाही. सूची मीच तयार केली होती. वहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, “पाटी मला पुसायला नका लावू म्हणजे झालं.”

परवा सकाळी मी त्या गल्लीत गेलो. गच्चीतून नाही, पायांनी. वहिनींच्या खिडकीखाली फांद्या रचल्या होत्या. ढीग नव्हे, रचल्या होत्या. बेळकी छाटलेली, सगळी जाड टोकं गल्लीच्या तोंडाकडे, परेडला उभी केल्यासारखी. पलीकडे रामधन होता. सुभेदार गेले त्या दिवशीची आग पलीकडच्या झाडूवाल्याने लावली होती, आपण त्यानंतर एकही काडी जाळलेली नाही, हे त्याने मी विचारण्याआधीच सांगितलं.

“ये ऐसे क्यों रखी हैं?”

“सूबेदार साब बता गए थे. मोटा सिरा बाहर रहे तो मशीन सीधा पकड़ती है.” त्याने एक फांदी जराशी तिरपी झाली होती ती सरळ केली. रास खिडकीच्या चौकटीला टेकली होती. “अब जगह नहीं है, प्रोफेसर साब. होली तक किसी तरह रख लूँगा. मशीन आ जाएगी न तब तक?”

आतून वहिनींच्या खोकल्याचा आवाज आला. खिडकी बंदच होती.

“रख,” मी म्हटलं. याहून जास्त काही म्हणायचा हक्क मिळावा, असं मी अजून काही केलेलं नव्हतं.